जुन्या पिकअपवर सीबीचे दोन अँटेना: शोभा किती, काम किती

तुमचा प्रश्न बाकीच्यांसाठी थोडक्यात परत लिहितो. ओहायोत राहता, १९७९ ची फोर्ड एफ-१५० घेतलीय, दोन्ही दारांवर ते पाइपच्या फ्रेमवाले मोठे वेस्ट कोस्ट आरसे आहेत. झीनियाला हॅमव्हेन्शनच्या (हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांच्या मेळाव्याच्या) फ्ली मार्केटमध्ये सीबीच्या (सिटिझन्स बँड, ट्रकवाले एकमेकांशी बोलायला वापरतात तो रेडिओ) चार फुटी फायबरग्लास अँटेनांची जुनी जोडी मिळाली, विकणारा म्हणाला दोन लावलेत की रेंज डबल. तुम्ही ५० ओहमच्या दोन साध्या केबल टाकल्या, टी (दोन केबल एकत्र करणारा जोड) लावून कोब्रा २९ या सीबी रेडिओला जोडल्या, आणि एसडब्ल्यूआर (रेडिओ आणि अँटेना किती जुळतात त्याचा आकडा, १ म्हणजे उत्तम) काही केल्या २ च्या खाली येत नाही. अँटेना गेलेत का, असं विचारताय.

अँटेना गेलेले असतीलही, ते पुढे बघू, पण तो २ त्यांच्यामुळे नाहीये. अगदी कोरे, परफेक्ट ट्यून केलेले दोन अँटेना आणले तरी त्या टी वर २ च येणार. ५० ओहमच्या दोन लाइन पॅरलल जोडल्या की होतात २५ ओहम, रेडिओ बघतो ५० च्या हिशोबाने, ५० भागिले २५ म्हणजे २. उलट तुमच्याकडे आकडा २ वरच अडकलाय म्हणजे दोन्ही अँटेना बऱ्यापैकी ठीक असावेत असा माझा अंदाज, खात्री मात्र एकेक मोजल्यावरच. आणि २ म्हणजे काही रेडिओ जळत नाही हो, साधारण ११ टक्के पॉवर परत येते, ४ वॉटमधले पाऊण वॉटसुद्धा नाही. ३ च्या वर गेला तर मात्र माइकचं बटण दाबू नका.

आता रेंज डबल होण्याचं. नाही होत. पिकअपवर दुसरा अँटेना नव्वद टक्के शोभेचा आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं वाचताना अपेक्षा जागेवर राहतील. शोभेचा आहे म्हणून लावू नका असं मी म्हणत नाहीये, ७९ च्या फोर्डवर दोन्ही आरशांना काठ्या डुलताना जो थाट येतो तो मलाही आवडतो. फक्त थाट वेगळा, सिग्नल वेगळा.

मोठ्या ट्रकवाल्यांनी दोन का लावले त्याला कारण होतं. मागे साडेतेरा फूट उंच ट्रेलर, त्याचा डबा धातूचा, अँटेना फक्त डाव्या आरशावर असेल तर उजव्या मागच्या बाजूला ट्रेलरची सावली पडते आणि तिकडचं ऐकू येत नाही. छपरावर मध्ये लावायचा तर पूल आणि झाडं. म्हणून दोन आरशांवर दोन. १९७३ ला तेलाचा भडका उडाला, ७४ पासून देशभर ५५ मैलांची लिमिट आली, पोलीस कुठे उभा आहे आणि डिझेल कुठे मिळतंय हे एकमेकांना सांगायला ट्रकवाले सीबीवर तुटून पडले, मग पब्लिकही आली, १९७६ च्या प्रचारात तर राष्ट्राध्यक्षांच्या बायकोने, बेटी फोर्डनी, 'फर्स्ट मामा' हे हँडल (सीबीवरचं टोपणनाव) घेतलं होतं! त्या लाटेत पिकअपवाल्या पोरांनी ट्रकवाल्यांचा लूक उचलला. ट्रेलर नव्हताच, पण काठ्या दोन.

दोन अँटेना एकाच फेजमध्ये, म्हणजे दोन्हीकडची लाट एकाच वेळी चढेल-उतरेल असे, चालवले की होतं काय, तर जोडीच्या काटकोनात, म्हणजे गाडीच्या पुढे आणि मागे, सिग्नल जरा जास्त आणि डावी-उजवीकडे जरा कमी. किती कमी ते दोघांमधल्या अंतरावर. सीबीची वेव्ह साधारण ३६ फुटांची, पाव वेव्ह ९ फूट. ९ फूट अंतर मिळालं तर बाजूंना ३ डीबीची (डेसिबल, ३ ची घट म्हणजे पॉवर निम्मी) घट होते. तुमच्या आरशांमध्ये साडेसात फुटांच्या आसपास अंतर असेल, तिथे ती २ डीबी होते, आणि मागच्या हौद्याच्या कोपऱ्यांवर लावलेत तर पाच-साडेपाच फुटांत जेमतेम १. पुढे-मागे मिळणारा फायदा तर त्याहून कमी, एका अँटेनाच्या तुलनेत १ डीबीच्या घरात. रेडिओच्या मीटरवर एक एस-युनिट म्हणजे ६ डीबी धरतात, तेव्हा काटा हललेला दिसणारसुद्धा नाही. '९ फूट अंतर नसेल तर चालतच नाही' असं काही लोक ठासून सांगतात, तेही खरं नाही. चालतं, फक्त दिशेचा परिणाम विरघळत जातो आणि दोन अँटेनांचा मिळून एक जाडा अँटेना झाल्यासारखं होतं. नुकसान काही नाही.

तर दोन्ही चालवायचेच असतील तर टी काढा आणि को-फेज हार्नेस (दोन्ही अँटेना एकाच फेजमध्ये रेडिओला जोडणारी केबलची तयार जोडी) घ्या. तो ७५ ओहमच्या केबलचा असतो, आरजी-५९. गंमत यात अशी आहे की पाव वेव्ह लांबीची ७५ ओहमची केबल ५० ओहमच्या अँटेनाला रेडिओच्या टोकाशी ११२ ओहम करून दाखवते, असे दोन पॅरलल जोडले की ५६, म्हणजे ५० च्या अगदी जवळ. एसडब्ल्यूआर १.१ का काय तो. पण हे लांबी पाव वेव्ह किंवा पाऊण वेव्ह असेल तरच, मधल्याच कुठल्या तरी लांबीला नाही. केबलमध्ये वेव्ह हळू चालते, सॉलिड पॉलिथिनच्या आरजी-५९ मध्ये ०.६६ पट, म्हणून पाव वेव्ह होते ६ फूट आणि पाऊण होते १८ फूट. ६ फुटात आरशापासून डॅशबोर्डखाली नीट पोचता येत नाही म्हणून बाजारात १८ फुटी हार्नेस.

ही १८ फुटांची गोष्ट लोकांनी कुठल्या कुठे नेऊन ठेवलीय. एकच अँटेना ५० ओहमच्या केबलवर असेल तर केबल १८ फूटच पाहिजे हा गैरसमज आहे, अँटेना नीट मॅच असेल तर ९ फूटही चालते आणि १३ ही चालते. १८ चा नियम खरा आहे तो दोन अँटेनांच्या हार्नेसला. तिथे मात्र उरलेली केबल कापायची नाही, आणि एका बाजूची जास्त म्हणून फक्त तिकडचीच तर अजिबातच कापायची नाही, दोन्ही लांब्या सारख्या नसल्या की फेज गेला. उरलेली केबल सीटमागे फूटभर व्यासाच्या सैल वेटोळ्यात ठेवा, घट्ट गुंडाळून झिपटाय आवळू नका.

घरात पडलेली टीव्हीची केबल पण ७५ ओहमचीच असते, ती वापरू का, हा पुढचा प्रश्न हमखास येतो. विजेच्या दृष्टीने चालेल, पण ती फोमची असते, तिच्यात वेव्ह ०.८२ पटीच्या आसपास चालते, त्यामुळे पाऊण वेव्ह १८ फूट नाही तर २२ फुटांच्या वर जाते. शिवाय आत अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, तिला सोल्डर धरत नाही, आणि दाराच्या उघडझापीत ती फार दिवस टिकत नाही. तयार हार्नेसच घ्या. जुनाच सापडला तर टोकाला जॅकेट इंचभर सोलून बघा, आतली जाळी तांबूस असेल तर ठीक, काळी किंवा हिरवी पडली असेल तर पाणी आत शिरलंय, तो भंगारात.

एक लक्षात असू द्या, को-फेज हार्नेसवर एक अँटेना काढून दुसऱ्यावर चालवायचं नाही, काढलेल्या बाजूची मोकळी केबल जोडाशी शॉर्टसारखी दिसते आणि एसडब्ल्यूआर खूप चढतो, ती केबल जोडापासूनच सोडवली तरी रेडिओला ११२ ओहम दिसतात, एसडब्ल्यूआर २.२. म्हणजे पार्किंगमध्ये एखादी काठी कोणी मोडली किंवा चोरली तर त्या दिवसापुरता साधा ५० ओहमचा तुकडा गाडीत असलेला बरा.

आता ज्याच्यावर खरोखर काम करायचंय ती गोष्ट: ग्राउंड. अँटेना म्हणजे फक्त काठी नाही, काठी हा अर्धा भाग, उरलेला अर्धा म्हणजे तुमच्या गाडीचा पत्रा. आणि तुमच्याकडे आरसा आहे दारावर, दार आहे बिजागरीवर, बिजागरीत ग्रीस आणि गंज, आरशाच्या पायाखाली रबरी गॅस्केट आणि ४५ वर्षांचा रंग. मल्टिमीटर लावून माउंटपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत अर्ध्या ओहमच्या आत रीडिंग आलं तरी खूश होऊ नका, ते डीसीचं झालं, २७ मेगाहर्ट्झला एवढीशी बिजागरी आणि त्यातून गेलेली लांब वाट हे ग्राउंड धरतच नाही नीट. तांब्याच्या जाळीची चपटी पट्टी आणा, बॅटरीच्या अर्थिंगला असते तशी, अर्ध्या-पाऊण इंच रुंद. एक पट्टी आरशाच्या ब्रॅकेटच्या बोल्टपासून दाराच्या पत्र्याला, दुसरी दारापासून कॅबच्या खांबाला बिजागरीच्या बाजूने, दार पूर्ण उघडेल एवढी सैल ठेवून पण त्यापेक्षा लांब नको. दोन्ही टोकांना रंग खरवडून चकाकी येईपर्यंत, स्टार वॉशर, वरून ग्रीसचा हात. गोल वायर चालेल का असं विचारू नका, डीसीला चालेल, आरएफला, म्हणजे रेडिओच्या सिग्नलला, पसरट पट्टीच हवी.

मग खाली या. पिकअपचा कॅब वेगळा, हौदा वेगळा, दोन्ही चेसिसवर बसलेत, कॅब तर रबराच्या पॅडवर. हौदा बोल्टने चेसिसला लागलेला असला तरी मधे गंज असतो. कॅब ते चेसिस, हौदा ते चेसिस, आणि कॅब ते हौदा अशा पट्ट्या मारल्या की एकदम आठ फुटांचा हौदा तुमच्या अँटेनाच्या खालच्या अर्ध्यात सामील होतो. बॉनेटला बिजागरीजवळ एक, आणि सायलेन्सरच्या पाइपला मागच्या टोकाशी एक, कारण तो पाइप रबरी हँगरवर लटकलेला असतो आणि इंजिनाचा खरखराट गाडीभर पसरवायचं काम इमानेइतबारे करतो. शनिवारचा अर्धा दिवस आणि थोड्या पट्ट्या, एवढंच. दुसऱ्या अँटेनाने जो फरक पडणार नाही तो इथे पडतो, आणि ऐकण्यात जास्त पडतो. नव्या गाडीवाल्यांसाठी जाता जाता: २०१५ पासूनच्या एफ-१५० ची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची, तिच्यावर मॅग्नेटचा माउंट चिकटतच नाही, आणि अ‍ॅल्युमिनियमला तांब्याची पट्टी थेट लावली की ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियम गंजतं, तिथे टिन चढवलेली पट्टी घ्या.

अँटेनाच्या तपासणीकडे येतो. आधी हातमोजे घाला, थट्टा नाही, उन्हात राहिलेल्या फायबरग्लासचे बारीक काटे हातात गेले तर दोन दिवस खाज जात नाही. दोन्ही काठ्या शेजारी ठेवून लांबी, जाडी, वरच्या भागातले वेढे जुळतात का बघा. ही जोडी कारखान्यातून जोडी म्हणूनच निघाली होती का कोणी दोन वेगळ्या गाड्यांवरून उतरवून एकत्र विकली, सांगता येत नाही, आणि को-फेजला दोन्ही एकसारखे असणं हीच मुख्य अट. वरचं कव्हर तडकलं असेल आणि आतली तार दिसत असेल तर वाकवून बघू नका, तार तुटेल. पॉलिश पेपर हलक्या हाताने मारा, बोटींना लावतात ते मरीन व्हार्निश दोन हात द्या, वरून हीट-श्रिंक. रंग द्यायचा मोह होईल, देऊ शकता, फक्त धातूचे कण असलेला नको.

मीटरवर: खालचा ३/८ इंची स्टड ते तारेचं वरचं टोक, इथे कंटिन्युइटी (सलग जोड) आली पाहिजे. माउंटला केबल लावून, अँटेना काढून, प्लगच्या मधल्या पिनपासून बाहेरच्या कड्यापर्यंत कंटिन्युइटी येता कामा नये, येत असेल तर माउंटमधला नायलॉनचा वॉशर उलटा बसलाय किंवा चिरलाय, जुन्या माउंटमध्ये हे फारच कॉमन आहे. अँटेना लावल्यावर शॉर्ट दिसला तर मात्र लगेच फेकू नका, खाली कॉइल असलेल्या काही जुन्या अँटेनांमध्ये डीसीला शॉर्ट असतोच, डिझाइनच तसं. तुमचे तार गुंडाळलेले फायबरग्लासचे आहेत, त्यांच्यात तो नसावा.

ट्यूनिंगमध्ये जुन्या मालाची खरी मेख आहे. १९७६ च्या शेवटपर्यंत सीबीला २३ च चॅनेल होते, २६.९६५ ते २७.२५५ मेगाहर्ट्झ, १ जानेवारी १९७७ पासून ४० झाले आणि वरचं टोक २७.४०५ वर गेलं. त्यामुळे जुना अँटेना २७.११ च्या आसपास मध्य धरून कापलेला असतो, आणि आज मध्य आहे २७.१८५, जो नेमका चॅनेल १९ च आहे, ट्रकवाल्यांचा. म्हणजे १९ वर ठीक आणि ४० कडे जाताना एसडब्ल्यूआर चढतोय असं दिसलं तर अँटेना खराब नाही, त्याच्या काळाप्रमाणे बरोबर आहे, किंचित लांब आहे इतकंच. चॅनेल १ ला जास्त आणि ४० ला कमी असेल तर आखूड.

तुमच्या बाबतीत मला एक वेगळाच संशय आहे. माल हॅमव्हेन्शनचा, म्हणजे आधीचा मालक हॅम असण्याची शक्यता दांडगी, आणि हॅम लोकांचा १० मीटरचा बँड सीबीच्या लगेच वर, २८ पासून सुरू होतो. चार फुटी सीबी अँटेनाची वरची तार कापून १० मीटरला वापरणारे खूप आहेत. तसं झालं असेल तर सीबीवर तो आखूड निघेल, फक्त टी मुळे आत्ता काहीच नीट कळणार नाही. म्हणून हार्नेस लावायच्या आधी एकेक अँटेना, त्याच माउंटवर, त्याच ५० ओहमच्या केबलवर मोजा, आणि मोजताना दुसरी काठी खाली उतरवून ठेवा. नॅनोव्हीएनए (अँटेना तपासायचं छोटं यंत्र) असेल तर २६ ते २९ मेगाहर्ट्झ झाडून घ्या, खड्डा, म्हणजे एसडब्ल्यूआर सगळ्यात कमी, कुठे पडतो ते दोन सेकंदात दिसतं. मित्राकडून मागून आणा नसेल तर. नुसता एसडब्ल्यूआर मीटर असेल तर १, १९, ४० या तीन चॅनेलवर, गाडी मोकळ्या जागेत, दारं बंद, बॉनेट बंद, शेजारी माणूस उभा नको.

दोन्हींचे खड्डे एकमेकांपासून चार-पाच चॅनेलच्या आत असतील तर जोडी चांगली. काठ्या लांब निघाल्या तर वरची रबरी टोपी काढून तार पाव-पाव इंच कापा, एकाला कापलं की दुसऱ्यालाही, आणि दर वेळी टोपी लावून मोजा कारण टोपीनेही रीडिंग सरकतं. कापलेलं परत येत नाही तेव्हा कंजुषी करा. आखूड निघाल्या तर तारेच्या नादी लागू नका, खाली चार-सहा इंचांचा स्टीलचा शाफ्ट टाका, स्टडचे आटे तेच असतात. स्प्रिंगनेही लांबी वाढते पण आरशावर स्प्रिंग नको, ताशी ६५ मैलांवर काठी मागे झुकते आणि ट्यूनिंग हलतं. मग हार्नेस लावा, दोन्ही एकत्र मोजा. एकमेकांच्या शेजारी आल्यामुळे आकडा थोडा सरकेल, पुन्हा दोन्हींना सारखंच अ‍ॅडजस्ट करायचं. तिन्ही चॅनेलवर १.५ च्या खाली आला तर थांबा, १.१ च्या मागे लागून तार संपवू नका.

माझी स्वतःची पसंती विचाराल तर तुमच्या जागी मी आरशांवर दोन्ही काठ्या ठेवीन पण चालवीन तिसराच, कॅबच्या छपराच्या मधोमध एक. छपराचा पत्रा चारही बाजूंना सारखा पसरलेला, सिग्नल सगळीकडे सारखा जातो, आरशावरच्या एकट्या अँटेनाचा कल मात्र गाडीच्या तिरप्या कोपऱ्याकडे जातो कारण पत्रा तिकडे जास्त. छपराला भोक पाडायला जीव होत नसेल, ७९ च्या फोर्डला माझाही झाला नसता, तर मॅग्नेटचा माउंट, तुमचं छप्पर लोखंडी आहे. फक्त शोभेच्या दोन काठ्यांच्या केबल माउंटपासून काढून टाका आणि स्टड ग्राउंडला शॉर्ट करू नका. ग्राउंड केलेली, त्याच फ्रिक्वेन्सीची काठी शेजारी उभी असली की ती आपोआप रिफ्लेक्टरसारखी वागायला लागते आणि छपरावरच्याचं ट्यूनिंग बिघडवते, मोकळी सोडली तर बरीचशी गप्प बसते.

दोन्ही चालवायचेच ठरवलंत तर आरशाच्या ब्रॅकेटवर माउंट वरच्या आडव्या पाइपला घ्या, खालच्या नको. या काठ्यांमध्ये तारेचे वेढे वरच्या भागात दाट असतात, तो भाग छपराच्या वर मोकळा राहिला पाहिजे, निदान दोन तृतीयांश काठी तरी. हौद्याच्या कोपऱ्यातल्या भोकांत लावणारे इथेच फसतात, अर्धी काठी कॅबच्या मागे लपते. केबल दाराच्या फटीतून आत घेताना रबराच्या मऊ बाजूने घ्या आणि दार लावल्यावर ती चेपत नाही ना ते बोटाने चाचपून बघा, चेपलेल्या केबलला बाहेरून काही दिसत नाही. वरच्या पाइपवरून चार फुटी काठी जमिनीपासून साडेनऊ फुटांच्या आसपास जाते, आणि घरच्या गॅरेजचा दरवाजा सहसा ७ फुटांचा असतो, तेव्हा माउंट आणि काठीच्या मधे क्विक डिस्कनेक्ट (काठी झटकन काढता येते असा जोड) टाका. तो टाकायचा असेल तर ट्यूनिंगच्या आधी टाका, कारण त्याचीही इंच-दीड इंच लांबी मोजणीत धरली जाते.